कॅसेटचं शेपूट

वडखळला कमरुद्दीन चुकला. ज्या रस्त्यानं उभा जन्म गेला-आला, त्याच रस्त्यावर चुकला. पेणहून निघालं की वडखळला अलिबागचा फाटा सोडायचा, गोव्याकडचा रस्ता धरायचा, मग कासू, नागोठणे आणि रोह्यातलं घर. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण त्या दुपारी वडखळचा नवा पूल, पुलाखालचा जुना रस्ता आणि दोन्हींच्या मध्ये उभे केलेले सिमेंटचे ठोकळे यांत त्याचं लक्ष कुठे तरी सांडलं आणि गाडी निघाली ती थेट पोयनाडची पाटी दिसेपर्यंत. पाटी दिसल्यावरही तो लगेच वळला नाही. गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि बसून राहिला. भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. फक्त वाटलं, वळून परत जायचं म्हणजे पुन्हा स्टिअरिंग फिरवायचं, पुन्हा गिअर टाकायचा. सहासष्ट वर्षांच्या अंगात एवढा कंटाळा कुठून साठतो कोण जाणे. अर्ध्या तासानं तो वळला, घरी पोचला आणि सुनेला, रिझवानाला, ही गोष्ट हसण्यावारी सांगितली. तीच चूक झाली. रिझवानानं ती व्हॉइस मेसेजात घालून कतारला नवऱ्याकडे धाडली, आणि हाशिमनं, बापाची काळजी लांबून करणाऱ्या मुलांच्या तत्परतेनं, आठ दिवसांत एक खोका घरी पोचवला.

खोक्यात नऊ इंचांचा पडदा होता, मागे बघायचा इवलासा कॅमेरा होता आणि वायरींचा गुंता होता. हाशिमनं फोनवर सगळं समजावलं. स्वस्तातलाच आहे पण चांगला आहे, मोबाईल जोडला की त्यातलं सगळं पडद्यावर येतं, नकाशा येतो, बाई बोलून रस्ता सांगते, फोन आला तर हात न लावता बोलता येतं. गाडी बदला म्हटलं तर तुम्ही बदलणार नाही, तेव्हा निदान हे तरी बसवा. कमरुद्दीन सगळ्याला बरं म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच बरं म्हणायचा, त्यात वेळ कमी जातो. खोका दोन आठवडे दिवाणखान्यात टीव्हीखाली पडून राहिला. आणि मग रोज संध्याकाळी हाशिमचा ‘बसवलं का’ येऊ लागला, तेव्हा एका मंगळवारी सकाळी खोका मागच्या सीटवर टाकून तो पेणला निघाला. रोह्यातही बसवणारे होते. पण गाडीतला जुना कॅसेटप्लेअर एकवीस वर्षांपूर्वी पेणच्या धनेशनं बसवला होता, तर काढायचाही त्यानंच, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

तो प्लेअर त्यानं स्वतः दम्मामहून आणला होता. दोन हजार चारच्या सुट्टीत ही झेन घेतली, त्या आधीच्या खेपेलाच बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये तो गुंडाळून आणून ठेवला होता. गाडी यायच्या आधी गाडीतलं गाणं घरात आलेलं बघून त्याची बायको, आमना, हसली होती. निळा दिवा लागायचा त्याला, आवाज असा की मोहल्ल्याच्या तोंडाशी गाडी वळली की शेवटच्या घरात कळायचं. आता तो नऊएक वर्षं मुका होता. आत एक कॅसेट अडकून बसली होती, ती ना वाजत होती ना बाहेर येत होती. कुणी विचारलं तर कमरुद्दीन म्हणायचा, राहू दे, तिला कुठं जायचंय.

धनेशचं दुकान एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. शेजारच्या शेडमध्ये अजून रंग न लागलेले पांढरे गणपती रांगेनं बसलेले, त्यांच्या पॉलिशची पावडर उडून धनेशच्या काउंटरवर येऊन बसते आणि धनेश दिवसातून दहा वेळा ती फडक्यानं पुसतो. धनेशही आता पंचेचाळिशीला आला होता, चष्मा लागला होता, गुडघा दुखत होता. गाडीत आडवा होऊन डॅशबोर्ड उकलताना तो कण्हत होता, आणि कमरुद्दीन बाहेर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून ते कण्हणं ऐकत होता. आपल्या पाठीमागून येणारे लोकही थकायला लागले की माणसाला जरा बरं वाटतं. प्लेअर बाहेर आला तेव्हा त्याच्या जागी एक काळं चौकोनी भोक राहिलं. धनेशनं चार स्क्रू काढून प्लेअरचं झाकण उघडलं, आतला पट्टा वितळून डांबर झाला होता तो दाखवला, आणि चिमट्यानं हळूहळू सोडवत कॅसेट काढून कमरुद्दीनच्या हातात दिली. पिवळी पडलेली, लेबल अर्धं निघालेलं. त्यावर आमनाच्या वळणदार अक्षरात फक्त ‘अठ्ठ्याण्णव’ लिहिलेलं होतं.

कॅसेट त्यानं ओळखली. ओळखणारच. त्या काळी पत्रं लिहिणं मागे पडलं होतं आणि फोन अजून घरोघरी आला नव्हता, तेव्हा रोह्या-म्हसळ्याकडची घरं आणि आखातातल्या खोल्या कॅसेटींवरच बोलायच्या. कुणी जाणारा-येणारा असला की त्याच्या हाती कॅसेट द्यायची. आणि तीच एक कॅसेट वर्षानुवर्षं जायची आणि यायची. घरच्यांनी बोलून धाडायची, तिकडे ऐकून झाली की तिच्यावरच उत्तर भरायचं आणि परत पाठवायची. उत्तर भरताना आधीचं बोलणं पुसलं जायचं, त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही. पाटी पुसून पुन्हा लिहावी तितकंच साधं. आज विचार केला तर वाटतं, बायकोचा आवाज पुसल्याशिवाय तिला उत्तर देता येत नव्हतं, असे ते दिवस होते.

दम्मामच्या त्या खोलीत आठ जण होते, सगळे आपल्याच भागातले. कुणाचीही कॅसेट आली की शुक्रवारी जेवणानंतर सगळ्यांनी मिळून ऐकायची, हा खोलीचा नियम. एकाच्या आईनं सांगितलेली गावची बातमी आठांच्या कामाची. मागे कोंबडा आरवला तरी एखादा म्हणायचा, हा आमच्याकडचा. अशा सभेत बायकोनं नवऱ्याला काय सांगावं? म्हणून बायकांनी एक रीत काढली होती. सगळं बोलून झालं, सलाम घातला की टेप तशीच चालू ठेवून गप्प बसायचं, चांगली चार-पाच मिनिटं. खोलीतल्यांना वाटायचं संपली. आणि त्या गप्प जागेच्या पलीकडे, अगदी शेवटाला, जे नवऱ्याला एकट्याला सांगायचं ते सांगायचं. खोलीत त्याला शेपूट म्हणायचे. ज्याची कॅसेट तो नंतर वॉकमनचे कान लावून गच्चीवर जायचा. खोलीतला खालिद तर गच्चीवरून आला की दोन दिवस कुणाशी धड बोलायचा नाही, आणि बाकीचे त्याची थट्टा करायचे, शेपूट लांब होतं वाटतं या खेपेला.

आमनाच्या कॅसेटीला शेपूट नसायचं. पहिली दोन वर्षं कमरुद्दीन दर वेळी गच्चीवर गेला. वॉकमन खालिदचाच. शिफ्टवरून आलेलं अंग भिंतीला टेकून तो टेपची खरखर शेवटपर्यंत ऐकायचा. खरखर संपायची, खटका पडायचा, बटण आपोआप वर यायचं. खाली आला की खालिद काही विचारायचा नाही, आणि ते न विचारणं थट्टेपेक्षा जास्त झोंबायचं. आमना लाजाळू होती, टेपरेकॉर्डर सासूच्या खोलीत असायचा, हे त्याला कळत होतं. कळून काय उपयोग? आठ जणांत एकट्याला काहीच सांगणं येत नाही, हे काही समजुतीनं भरून निघत नाही. तिसऱ्या वर्षापासून त्यानं गच्चीवर जाणं सोडलं. सलाम झाला की टेप बंद, मागे फिरवायची आणि उत्तर भरायचं. त्याची उत्तरंही आखडत गेली. मी बरा आहे, गरमी फार आहे, हाशिमला अभ्यास कर म्हणावं.

आणि त्याच्या मनात एक गाठ बसली ती बसलीच. अठ्ठावीस वर्षांत आमना त्याला एकदाही ‘थांबा’ म्हणाली नाही. दर सुट्टीच्या शेवटी ती त्याची बॅग स्वतः भरायची, सुक्या जवळ्याची पुडी वर्तमानपत्राच्या तीन थरांत बांधायची आणि दारात उभी राहून म्हणायची, जावा, नीट ऱ्हावा. बस, एवढंच. बाकीच्यांच्या बायका रडायच्या, भांडायच्या, एकीनं तर नवऱ्याचा पासपोर्ट तांदळाच्या पिंपात लपवला होता. कमरुद्दीनला त्या माणसाचा हेवा वाटला होता. ती एकदा म्हणाली असती तर तो थांबला असता, असं तो स्वतःशी इतक्या वेळा म्हणाला होता की ते आता त्याला खरंच वाटायचं. कायमचा परत आला तो छप्पन्न ओलांडून झाल्यावर, आणि तेव्हा दोघांना एकमेकांशी बोलायची सवय राहिली नव्हती. जवळपास सहा वर्षं दोघं एका घरात भल्या शेजाऱ्यांसारखी राहिली. मग ती गेली. त्याला चार वर्षं झाली. तिच्या जाण्याचं दुःख त्यानं पुरतं केलंच नाही, कारण ते करायला बसलं की आधी ही गाठ हाताला लागायची.

धनेशनं विचारलं, चाचा, वाजवून बघायची का, माझ्याकडे एक जुना डेक पडलाय. नको म्हणायचं म्हणजे कारण द्यावं लागतं, म्हणून कमरुद्दीन बरं म्हणाला. धनेशनं माळ्यावरून डेक काढला, बॅटरीला जोडला, एक उघडा स्पीकर लावला, पेन्सिल घालून कॅसेट घट्ट केली आणि बटण दाबलं. मग तो मागचा कॅमेरा बसवायला डिकीकडे गेला. स्पीकरमधून आधी घरघर आली आणि मग एक माणूस बोलायला लागला. उमेदीतला, घाईतला, घशात धूळ असलेला. अस्सलाम आलेकुम, मी कमरुद्दीन बोलतोय. मी बरा आहे. गरमी फार आहे. त्याच्या मागे कुणी तरी हसत होतं, तो खालिद असावा. तीन मिनिटं तो माणूस बोलला आणि त्यात एकही गोष्ट अशी नव्हती जी दुसऱ्या कुणाच्या बायकोला सांगता आली नसती. मग खटका. मग खरखर.

उठून बंद करावं, असं त्याला वाटलं. डेक चार पावलांवर होता. पण चार पावलं फार वाटली. तो स्टुलावर तसाच बसून राहिला, शेजारच्या शेडमधल्या पांढऱ्या मूर्तींकडे बघत. आणि बघता बघता त्याला आठवलं की ही कॅसेट गाडीत त्यानं घातलेली नव्हती. आमनानं घातली होती. तो परत आल्याला वर्ष झालं असेल, तिच्या डोळ्यांच्या तपासणीला पेणला येत होते. नागोठणं मागे टाकल्यावर तिनं पर्समधून ती काढली आणि न विचारता प्लेअरमध्ये सरकवली. त्याचाच जुना आवाज गाडीभर झाला. त्याला संकोच वाटला, हसू आलं, त्यानं हात पुढे केला. ती म्हणाली, “असू द्या ना, जरा पुढं जाऊ द्या.” काय पुढं, म्हणून त्यानं बटण दाबलं. ते रुतलं म्हणून चिडून पुन्हा दाबलं, जोरात. प्लेअर तेव्हाच बिघडला. ती खिडकीबाहेर बघत बसली होती. कासूच्या फाटकाशी मालगाडी जाईपर्यंत गाडी थांबली होती. तिला तिथे थंडी वाजतेय का, असं त्यानं विचारल्याचं आठवतं, कारण तिनं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला होता. ती म्हणाली होती, नाय.

खरखरीतून तिचा आवाज आला. अगदी हळू, तोंड टेपला लावून बोलावं तसा.

“आवो, आता एकटेच हाय ना? माय गिरणीत गेलीय म्हनून बोलते. एकदाच इचारते. या खेपेला आलात की परत जाऊ नका. घरचा तांदूळ हाय, रोह्यात एक दुकान टाकू, बघू. हाशिम लोकांना सांगतो, माजे अब्बा कॅसेटमदी ऱ्हातात.” इथे ती थांबली. मागे कुठे तरी भांडं सरकल्याचा आवाज झाला. “तुमाला नसंल जमत तर काय बोलू नका. नाय म्हनून ऐकायला मला व्हायचं नाय. काय बोललात नाय की मी समजंन. मंग परत नाय इचारायची.”

मग टेप संपली. बटण खट्कन वर आलं.

कमरुद्दीन हलला नाही. त्याच्या छातीत काही फुटलं वगैरे नाही. उलट सगळं फार हळू झालं. तिनं विचारलं होतं. तो गच्चीवर जाईनासा झाला होता, त्या अठ्ठ्याण्णव साली तिनं धीर गोळा केला होता. त्यानं सलामापाशी टेप थांबवली होती आणि तिच्या तेवढ्याच छोट्या खुशालीवर तीन मिनिटांचं उत्तर भरलं होतं, आणि उत्तर इतकं तोकडं होतं की तिचं शेपूट पुसलंही गेलं नाही. कॅसेट परत आली तेव्हा तिनं ती नक्की एकटीनं ऐकली असणार. मी बरा आहे, गरमी फार आहे. आणि त्यापुढे तिचाच प्रश्न, जसाच्या तसा. काही बोललात नाही की मी समजेन. ती समजली होती. ती सतरा वर्षं समजत राहिली, बॅग भरत राहिली, जवळ्याची पुडी बांधत राहिली, जावा म्हणत राहिली. आणि तो मात्र एवढी वर्षं तिच्यावर रुसून बसला होता. आता रुसायला कुणी राहिलं नाही. एवढी वर्षं वागवलेली गाठ हातातून सुटली आणि हात रिकामे झाले, तर त्याला ते रिकामे हात कुठे ठेवावेत कळेना. त्यानं ते मांडीवर ठेवले.

धनेश डिकीकडून आला, ऐकलं का चाचा, चालतेय की अजून, म्हणाला. मोबाईलमध्ये भरून देऊ का, म्हणाला. कमरुद्दीननं मान हलवली, ती हो की नाही हे धनेशला कळलं नाही आणि त्यानं ओढून विचारलंही नाही. कॅसेट काढून त्यानं हातात दिली, ती कमरुद्दीननं शर्टाच्या खिशात ठेवली. मग पडदा बसला. डॅशबोर्डच्या त्या काळ्या भोकावर तो चकचकीत पडदा जरा पुढे आल्यासारखा उभा राहिला, जुन्या गाडीला शोभत नव्हता. धनेशनं मोबाईल जोडला, तारीख लावली, मागचा कॅमेरा दाखवला. पडद्यात रांगेनं बसलेले गणपती उलटे न दिसता सरळ दिसले याचं धनेशलाच कौतुक. तेवढ्यात फोन आला. पडद्यावर हाशिमचा फोटो आणि त्याचं नाव एवढं मोठं आलं की रस्त्यावरचा माणूसही वाचेल. धनेशनंच बोट लावलं.

हाशिमचा आवाज चारी बाजूंनी आला. तो खूश होता. आवाज येतोय ना नीट, नकाशा दिसतोय ना, आता कुठे चुकायचं नाव नको. मग त्याच ओघात त्यानं सांगितलं की कंपनीनं आणखी दोन वर्षं वाढवून दिलीत, तोही हो म्हणणार आहे, गुरुवारी सही. कमरुद्दीननं विचारलं, रिझवानाला सांगितलं का. हाशिम म्हणाला, “व्हय, मेसेज टाकला ना. ती काय बोलली नाय. म्हंजे तिचं काय म्हननं नाय.”

धनेश वायरी गुंडाळत होता. समोरच्या चहाच्या टपरीवरचे दोघं पडद्याकडे बघत होते. कमरुद्दीनच्या तोंडाशी आलेलं सगळं या चार स्पीकरांतून बाहेर पडणार होतं. तो म्हणाला, बरं, मग बोलू. आणि ‘बरं’ म्हणताना आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या शब्दाची चीड आली.

वडखळला पडद्यातली बाई वेळेआधीच बोलायला लागली आणि तो बिनचूक गोव्याच्या रस्त्याला लागला. निळी रेघ पुढे पुढे सरकत होती. त्याला काही करायचं नव्हतं, ती सांगेल तसं जायचं. कासूच्या जवळ एका ठिकाणी त्यानं खिशावर हात ठेवून पाहिला. रिझवाना दिवसातून दहा मेसेज धाडते, त्याला माहीत होतं. गॅलरीत उभी राहून, भांडी घासता घासता, तोंडाजवळ मोबाईल धरून. हाशिम ते दुप्पट वेगानं ऐकतो, त्यानंच एकदा हसत सांगितलं होतं, एवढं लांबलचक कोण ऐकणार अब्बा, मुद्दा कळला की पुरे. आणि जिकराला, नातीला, बाप कसा दिसतो विचारलं तर ती मोबाईल दाखवते. हे सगळं कमरुद्दीन रोज बघत होता, आणि बघून बरं म्हणत होता. सही गुरुवारी. आज मंगळवार.

रोह्याला पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. फाटकातून गाडी मागे घेताना पडद्यात अंगण दिसलं, वाळत घातलेले कपडे दिसले आणि ओढणीला हात पुसत येणारी रिझवाना दिसली. तिला नवं यंत्र बघायचं होतं. ती दुसऱ्या बाजूनं येऊन शेजारच्या सीटवर बसली, तिथे आमना बसायची. किती मोठा हाय, म्हणाली. बोट लावून बघितलं, नकाशा मोठा झाला, लहान झाला. शेवटचा फोन कुणाचा, त्या रांगेत हाशिमचं नाव होतं, तिथे तिचं बोट जरा थांबलं आणि मागे आलं.

कमरुद्दीन म्हणाला, “रिझवाना, दोन वर्षांचं तुला हाशिमनं सांगितलं. तू काय बोलली नाय, म्हनतो.”

पदराचं टोक बोटाला गुंडाळावं तसं ओढणीचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं. त्यानंही घाई केली नाही. खरखर कितीही लांबली तरी तो आज उठणार नव्हता. बऱ्याच वेळानं तिनं पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “अब्बा, याच्यातून त्यांना ऐकू जात नाय ना?”

कमरुद्दीननं किल्ली फिरवली. पडदा काळा झाला. मोबाईल काढून त्यानं मागच्या सीटवर रिकाम्या खोक्यात टाकला आणि दोन्ही काचा वर केल्या.

“नाय,” तो म्हणाला. “बोल आता. सगळं बोल.”